गावाच्या ग्रुपवर बातमी टाकण्याआधी

प्रिय पोरी,

कोल्हापूरजवळच्या आपल्या चिखलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजच्या बातम्या टाकायचं काम तू अंगावर घेतलंस, फार बरं वाटलं. बातमी लवकर कशी पोचवायची, असं तू विचारलंस. लवकर पोचवायला आता कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या वेळी वार्ताहराची बातमी डेस्कवर यायची, उपसंपादक ती तपासायचा, शंका आली की फोन फिरवायचा, मगच ती छपाईला जायची. मोबाइलनं हा मधला माणूसच काढून टाकला. तुझ्या ग्रुपपुरता तो तू व्हायला हवंस.

पावसाळ्याचंच घे. ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, गाव खाली करा’ असा मेसेज व्हिडिओसकट फिरतो. व्हिडिओ खराही असेल, पण कधीचा? राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटतं. एक उघडणं आणि सातही उघडणं यात केवढा फरक! म्हणून किती दरवाजे, किती वाजता, कुठल्या तारखेला, हे मेसेजात नसेल तर तो पुढं पाठवू नको. मेसेजावर फॉरवर्डची दोन बाणांची खूण दिसली, तर तो निदान पाच हातांतून आलाय हे ओळख.

मग पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघ. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे तुमच्याकडं लहान पोरंही सांगतील. ती टाकताना ‘आत्ता’ असं कधी लिहू नको. ‘सकाळी 7 वाजता 38 फूट 4 इंच, वाढतंय’ असं तारखेसकट लिही. तुझं ‘आत्ता’ कुणीतरी संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपवर टाकणारच.

खोट्या मेसेजानं काय होतं, हे नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. रात्री भर पावसात दावी सोडून जनावरं उंचावरच्या सोनतळीला न्यायची म्हणजे काय हाल असतात! आणि दोनदा फुकट धावपळ झाली की तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्यालाही माणसं जागची हलत नाहीत. मला भीती याचीच जास्त वाटते.

चुकीचा मेसेज टाकणारे बहुतेक काका-मामाच असतात, आणि ते काळजीपोटीच टाकतात. त्यांना चारचौघांत ग्रुपवर खोटं पाडू नको. फोन कर, ‘काका, हा व्हिडिओ जुना आहे’ म्हण. बहुतेक जण आपणहून काढून टाकतात. ग्रुपवर टोकलंस तर ते इरेला पेटतील आणि बातमी बाजूलाच राहील.

तुझ्या स्वतःच्या वाचनाबद्दल थोडंच लिहितो. फोनवर तू जे उघडतेस, तसलंच पुढं येत राहतं. आठवड्यातून एकदा शहरात येतेस, तेव्हा करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बस. 1850 पासूनची संस्था आहे ती. दोन-तीन पेपर शेजारी ठेवून एकच बातमी शेवटपर्यंत वाच. कुणी काय गाळलंय, ते लगेच नजरेत भरतं. मथळे चाळून ही नजर येत नाही.

पाऊस लागायच्या आत एक काम कर. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा फोन नंबर आणि शेजारच्या आंबेवाडीतल्या एखाद्या भरवशाच्या माणसाचा नंबर वहीत उतरवून ठेव. पुरात वीज जाते, फोन बंद पडतो, वही राहते.

तुझे,
सर