एन.सी. नोंदवली म्हणून मुदत थांबत नाही

प्रश्न : गेल्या वर्षी २५ ऑगस्टला, म्हणजे गणपतीच्या दोन दिवस आधी, मी कुटुंबासह इलेक्ट्रिक गाडीने डोंबिवलीहून चिपळूणला चाललो होतो. महाडच्या पुढे एका हॉटेलच्या आवारातल्या चार्जिंग स्टेशनवर बराच वेळ रांगेत थांबून गाडी चार्जिंगला लावली आणि जेवायला गेलो. परत आलो तर मागच्या गाडीच्या चालकाने चार्जरचं लाल बटण दाबून ९२ टक्क्यांवर चार्जिंग बंद पाडलं होतं. ‘मागे रांग दिसत नाही का, ८० टक्क्यांच्या पुढे कशाला चार्ज करता’ असं म्हणत त्याने शिवीगाळ केली आणि मला थोबाडीत मारली. चष्मा फुटला. पोलीस ठाण्यात दोघांनाही बोलावलं आणि एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली. त्यानंतर काहीच हालचाल नाही. पोलीस आरोपपत्र कधी दाखल करतील? येत्या गणपतीला गावी जाताना पाठपुरावा करावा असा विचार आहे. शिवाय ८० टक्क्यांनंतर चार्जिंग चालू ठेवलं ही माझी चूक ठरते का? आणि चार्जिंग कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जावं का?

उत्तर : येत्या गणपतीपर्यंत थांबू नका. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि तुमच्या प्रकरणाची कायद्यातली मुदत २५ ऑगस्टला संपते. गावी जाताना वाटेत पोलीस ठाण्यात डोकवाल, तेव्हा विचारण्यासारखं काही उरलेलं नसेल. तुमच्या पत्रातली ही एकच गोष्ट मला खरोखर घाबरवणारी वाटली. बाकी प्रश्नांना वेळ आहे.

आरोपपत्र कधी येणार, याचं उत्तर आहे: येणार नाही. तुम्ही पाठवलेल्या एन.सी.च्या प्रतीवर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) आहे, म्हणजे साधी दुखापत. हा अदखलपात्र गुन्हा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम १७४ प्रमाणे पोलिसांनी अशी माहिती नोंदवायची आणि तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचं, इतकंच त्यांचं काम. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते तपासच करू शकत नाहीत. बहुतेक एन.सी.च्या प्रतीवर खाली ‘न्यायालयात दाद मागावी’ अशा अर्थाची ओळ असते. तुमच्या प्रतीवरही आहे आणि तिच्याखालीच तुमची सही आहे. ती ओळ अकरा महिन्यांत एकदाही वाचली गेली नाही, याचा मला राग येतो, कारण अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. पार्किंगची भांडणं, सोसायटीतल्या पाण्याची भांडणं, आणि आता चार्जरवरची. एन.सी. झाली की लोकांना ‘केस झाली’ असं वाटतं आणि ते निर्धास्त होतात.

आता मुदतीचं कलम. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं की ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे, त्याची दखल न्यायालयाने एक वर्षानंतर घ्यायची नाही. ११५(२) ला शिक्षा नेमकी तेवढीच आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून तुमची मुदत एक वर्ष. ती घटनेच्या दिवसापासून मोजतात, फक्त तो पहिला दिवस धरत नाहीत.

पण वर्ष संपायच्या आत नेमकं काय व्हायला हवं? कलम ५१४ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात दोनच तारखा ग्राह्य धरल्या आहेत. एक, कलम २२३ खाली न्यायालयात फिर्याद दाखल केल्याची तारीख. दुसरी, कलम १७३ खाली पोलिसांनी माहिती नोंदवल्याची, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याच्या एफ.आय.आर.ची तारीख. एन.सी. नोंदवली जाते ती कलम १७४ खाली आणि ते कलम या स्पष्टीकरणात नाही. पोलिसांनी एन.सी.चा दैनंदिनी अहवाल दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो, त्यामुळे ‘कोर्टाला कळलंच आहे’ असा काहींचा समज होतो. तो अहवाल म्हणजे तुमची फिर्याद नव्हे. तुमची एन.सी. त्याच दिवशी, त्याच तासाला नोंदवलेली असली तरी मुदतीच्या हिशेबात तिला शून्य किंमत आहे.

म्हणून करायचं ते हे: घटना ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडली, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कलम २२३ खाली खाजगी फौजदारी फिर्याद दाखल करायची. ते न्यायालय महाडचं की खेडचं, हे एन.सी.वरच्या ठाण्यावरून कळेल. डोंबिवलीत राहता म्हणून कल्याणच्या न्यायालयात चालणार नाही. तिथल्याच एखाद्या वकिलांना याच आठवड्यात फोन करा. फिर्याद जुलैअखेरीस दाखल झालेली असावी. २४ ऑगस्टला वकीलपत्र घेऊन धावत जाणाऱ्या माणसाच्या कागदांत हटकून काहीतरी कमी निघतं आणि कार्यालय फिर्याद दुरुस्तीसाठी परत करतं.

पोलिसांना एन.सी.चा तपास करायचा आदेश द्या, असा अर्ज कलम १७४(२) खाली करण्याचा मार्ग कुणीतरी सुचवेल. तो स्वस्त आहे. पण त्या अर्जाची तारीखही स्पष्टीकरणात बसत नाही आणि आदेश होऊन अहवाल यायला किती महिने लागतील ते कुणी सांगू शकत नाही. तुमच्या हातात जेवढे दिवस आहेत, तेवढ्यात हा मार्ग मी घेणार नाही.

शिवीगाळीचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. मला लिहिलेल्या पत्रात शिवीगाळ आहे, एन.सी.त ती नाही. तिथे फक्त ‘वाद होऊन चापट मारली’ एवढंच आहे. शांतताभंग होईल अशा हेतूने अपमान करणं हा न्याय संहितेच्या कलम ३५२ चा गुन्हा. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून मुदत तीन वर्षांची. आणि कलम ५१४(३) म्हणतं की जे गुन्हे एकत्र चालवता येतात, त्यांची मुदत जास्त शिक्षेच्या गुन्ह्यावरून ठरते. म्हणजे कागदोपत्री ३५२ जोडलं की ११५(२) लाही तीन वर्षं मिळतात. हे वाचून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकू नये. एन.सी.त नसलेली शिवीगाळ वर्ष उलटल्यावर फिर्यादीत उगवली, तर मुदत वाचवण्यासाठीच ती घातली असं समोरचे वकील म्हणणार आणि न्यायालयाला ते पटायला फारसं अवघड नाही. शिवीगाळ झाली असेल तर फिर्यादीत जरूर लिहा. नेमके शब्द लिहा, कितीही घाण असले तरी. ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ या पोलिसी वाक्यावर कलम ३५२ सहसा उभं राहत नाही. पण फिर्याद वर्षाच्या आतच दाखल करा आणि तीन वर्षांचा युक्तिवाद राखीव ठेवा. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला कलम ५१९ ने दिला आहे, मात्र उशिराचं समाधानकारक कारण द्यावं लागतं किंवा न्यायासाठी ते गरजेचं आहे हे पटवावं लागतं. ‘पोलीस काहीतरी करतील असं वाटलं’ हे कारण मी स्वतः कोणत्याही न्यायाधीशांपुढे मांडायला तयार होणार नाही.

एकदा फिर्याद दाखल झाली की न्यायालयाचा वेळ तुमच्या मुदतीतून कापला जात नाही. सारा मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली हे ठरवून टाकलं: मुदतीसाठी पाहायची ती फिर्याद दाखल झाल्याची तारीख, न्यायालयाने दखल घेतल्याची नव्हे. हा निकाल नसता तर आपल्या न्यायालयांच्या गतीने निम्म्या फिर्यादी वाटेतच मेल्या असत्या. कारण पुढचा रस्ता लांबचा आहे. नव्या कायद्याप्रमाणे दखल घेण्याआधी त्या चालकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणजे आधी नोटीस, मग ती बजावणं. तो माणूस मुंबईत राहतो, म्हणजे न्यायालयाच्या हद्दीबाहेर. अशा वेळी समन्स काढण्याआधी कलम २२५ खाली चौकशीही करावी लागते. तुमची शपथेवरची पडताळणी, साक्षीदारांची पडताळणी, दर तारखेला डोंबिवली ते कोकण. एका थोबाडीत मारण्याच्या प्रकरणाला हे इतकं लांबावं, हे मला मान्य नाही, पण आज परिस्थिती अशीच आहे आणि ती तुम्हाला आधी सांगणं माझं काम आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ८० टक्क्यांनंतर गाडी चार्जरवर ठेवणं हा गुन्हा नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची १७ सप्टेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं चार्जिंग स्टेशन कुठे, किती अंतरावर असावीत, वीजदर काय असावा, याबद्दल आहेत. ती दंडविधान नव्हे. ॲपच्या अटींत काही कंपन्या चार्जिंग संपल्यावर गाडी हलवली नाही तर मिनिटाप्रमाणे शुल्क लावतात. तुमचं चार्जिंग तर चालूच होतं. त्यामुळे कायद्याने तुमच्याकडे बोट दाखवता येत नाही.

तरीही तुम्ही चुकलात. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत गाडी झपाट्याने भरते, मग बॅटरी जपण्यासाठी गाडीच करंट कमी करते आणि उरलेल्या टक्क्यांना वेळ लागत राहतो. हे इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गणपतीच्या गर्दीत, मागे रांग असताना, ८० वर गन (चार्जरचा प्लग) काढून पुढच्याला जागा द्यायची. जेवायला जायचंच असेल तर काचेच्या आत मोबाइल नंबर ठेवायचा. तुमच्या आधीच्या माणसाने हेच केलं असतं तर तुम्हीही चिडला असता. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असेल: ‘रांगेत किती गाड्या होत्या?’ त्याचं खरं उत्तर द्या, लपवू नका. समोरचे वकील कदाचित न्याय संहितेच्या कलम १२२(१) चा आधार घेतील, म्हणजे गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे केलेली दुखापत. तिची शिक्षा बरीच कमी आहे. चार्जरवर वाट पाहायला लागणं ही कायद्याच्या अर्थाने गंभीर चिथावणी आहे, असं मला वाटत नाही. पण तुम्ही परत आल्यावर काय बोललात हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ती जागा रिकामी दिसली की मी सावध होतो. तुमच्या वकिलांना ते शब्दशः सांगा.

पुरावा आत्ताच गोळा करा. हॉटेलचं सी.सी.टी.व्ही. चित्रण बहुधा केव्हाच पुसलं गेलं असेल, तरी लेखी विचारून ठेवा. त्याहून भरवशाची आहे चार्जरची नोंद. सी.सी.एस.-२ ची (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा एक प्रकार) गन चार्जिंग चालू असताना गाडीत लॉक असते, ओढून निघत नाही. म्हणूनच त्याने लाल बटण दाबलं. चार्जर जेव्हा सत्र बंद करतो तेव्हा वेळ, टक्के आणि सत्र का थांबलं ते कारण कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतं. लाल बटणाचं कारण निराळं नोंदवण्याची सोय त्यात असते. तुमच्या ॲपमधली त्या दिवसाची पावती छापून घ्या. कंपनीला पत्र आणि ई-मेल पाठवून त्या सत्राची संपूर्ण नोंद जपून ठेवायला सांगा. ती देणार नाही म्हणाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयाकडून मागवता येते. सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जोडायचं, प्रमाणपत्र लागेल. आपत्कालीन बटण नाहक दाबून दुसऱ्याचं चार्जिंग तोडणं हा स्वतंत्र गुन्हा ठरेल का, यावर मी ठाम बोलणार नाही. पण त्या क्षणी तो काय मनःस्थितीत होता हे त्या नोंदीतून दिसतं. तिची किंमत तिथे आहे.

चष्म्याचं बिल जोडा. त्या दिवशी पोलिसांनी दिलेलं वैद्यकीय तपासणीचं पत्र घेऊन तुम्ही दवाखान्यात गेलाच नाहीत, कारण घरी पोहोचायची घाई होती. ती संधी गेली. दुखापतीच्या व्याख्येत शारीरिक वेदना पुरेशी असल्याने थोबाडीत मारल्यावर वळ दिसायलाच हवा असं नाही, पण दाखला असता तर सारा भार तुमच्या पत्नीच्या साक्षीवर पडला नसता. रांगेतल्या कुणाचा नंबर घेतला असेल तर तो माणूस शोधा.

हे सगळं करूनही तडजोडीचा दरवाजा उघडा ठेवा. ११५(२) चा गुन्हा ज्याला इजा झाली त्याला स्वतः मिटवता येतो. माझ्या मते तुम्हाला लेखी माफी आणि चष्म्याचे पैसे मिळाले तर घ्या आणि मोकळे व्हा. फक्त एवढं लक्षात ठेवा: फिर्याद दाखल असेल तर समोरचा चर्चेला बसेल, २५ ऑगस्ट उलटून गेला असेल तर तो फोनही उचलणार नाही. फिर्यादीआधी तडजोडीची बोलणी सुरू झाली तरी दाखल करायची तारीख पुढे ढकलू नका. ‘आज करतो, उद्या भेटू’ म्हणत मुदत संपवणं हा जुना डाव आहे.

चार्जिंग कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तिथे मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत वेळ आहे. स्टेशनवर कुणी कर्मचारी नव्हता, रांगेची काही व्यवस्था नव्हती, हे सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येईल, पण ॲपच्या अटी पाहिल्याशिवाय त्यात किती दम आहे ते सांगणं कठीण आहे. त्या अटींची प्रत मला पाठवा. आधी मात्र वकिलांना फोन.