वाचकांचे प्रश्न : अमेरिका फुटली, तर पाण्याची चावी कुणाकडे?

मागच्या अंकात ‘अमेरिकेची पडती बाजू’ हा लेख छापला. पत्रं आली ती बहुतेक पाण्याबद्दल. म्हादई नदीच्या पाणीवादावर वाढलेल्या वाचकांकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितो आहे. साल 2085, अमेरिकेचे पाच देश झालेले. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्यात कोलोरॅडो नदी ही सरहद्द धरली आहे, दोन्ही काठांवर सैन्य. हे पटेल का? – एक वाचक, साखळी

उत्तर : सैन्य ठेवा, पण काठावर नको, पंपघरात ठेवा. पार्कर धरणामागचा हवासू जलाशय नकाशावर नीट बघा. कॅलिफोर्नियाच्या काठावरून लॉस एंजेलिसच्या बाजूचा कालवा निघतो : 242 मैल लांब, वाटेत पाच पंपिंग स्टेशनं, एकूण उचल 1,617 फूट. समोरच्या काठावरून ॲरिझोनाचा कालवा निघतो : 336 मैल, फिनिक्स करून टुसॉनच्या पुढे, उचल सुमारे 2,900 फूट. दोन्ही शत्रू एकाच भांड्यातून पाणी पितात. धरण उडवलं तर पातळी दोघांच्याही पंपांखाली जाते. म्हणून तिथे लढाई होण्यापेक्षा कटकटीची शांतता नांदण्याची शक्यता जास्त, आणि कथेला तीच बरी.

याला जुना दाखला आहे. 1934 साली ॲरिझोनाचे गव्हर्नर बेंजामिन मोअर यांनी याच पार्कर धरणाचं काम अडवायला नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव सैन्याचे) जवान पाठवले होते. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धरणाला काँग्रेसची (म्हणजे तिकडच्या संसदेची) रीतसर मंजुरीच नाही. मग काँग्रेसने ती दिली आणि काम झालं. तुमच्या 2085 मध्ये ना ते कोर्ट, ना ती काँग्रेस. कथानकाचा पेच इथे आहे.

वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण. भिंत ॲरिझोनात, मागचा लेक पॉवेल मात्र बहुतेक सगळा युटामध्ये. म्हणजे पाणी एका देशाचं, दरवाजे दुसऱ्याच्या ताब्यात. आकडे वापरायचे तर हे वापरा : जलाशय भरला की पातळी समुद्रसपाटीपासून 3,700 फूट. 3,490 फुटांखाली वीज थांबते, कारण टर्बाइनच्या तोंडाशी हवा ओढली जायला लागते. त्यानंतर पाणी सोडायला फक्त खालचे चार नळ, प्रत्येकी आठ फूट व्यासाचे. 3,370 फुटांखाली तेही कोरडे, आणि मागे उरलेलं पाणी नुसतं बघत बसायचं. शिवाय जलाशय खाली असताना त्या चार नळांतून जोरात पाणी सोडलं की आत निर्वात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि नळाचं आतलं अंग कुरतडतात. 2023 च्या वसंतात मोठा विसर्ग केल्यावर तसं नुकसान सापडलंही होतं. मोडकळीला आलेल्या देशात नळांना आतून अस्तर लावणारी टोळी, रंग आणि डॉलर वेळेवर मिळाले नाहीत की बॉम्बची गरज राहत नाही.

पहिली मोडते ती मात्र मोजणी. आज खालच्या खोऱ्याचा पाणीवाटप्या म्हणजे केंद्राचा गृहमंत्री (त्यांच्याकडे हे खातं जमीन-पाण्याचं असतं, पोलिसांचं नव्हे). डोंगरातला बर्फ मोजणारी यंत्रं केंद्राची, नदीवरची मोजणीही केंद्राची. दर महिन्याला पुढच्या दोन वर्षांचा अंदाज निघतो आणि त्यावरून कपात ठरते. हे आकडे बंद झाले की प्रत्येक देश आपापला आकडा काढणार, आणि दोन आकड्यांत जेवढं अंतर तेवढं भांडण.

सरहद्दीसाठी एक सुचवणी. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास कोरड्या पश्चिमेचा नकाशा खोऱ्याखोऱ्यांनी आखला होता. पाणी जिथे वाहतं तिथलं राज्यकारभाराचं एकक तेच, असं त्याचं म्हणणं. राज्यकर्त्यांनी पट्टीने रेघा मारल्या. तुमचे पाच देश पाणलोटांवर आखा. पण डोंगर पोखरलेले आहेत हे विसरू नका : कोलोरॅडो राज्यात 13 मैलांचा ॲडम्स बोगदा पश्चिम उताराचं पाणी पर्वताखालून पूर्वेकडच्या शेतांना आणि शहरांना नेतो. सरहद्द शिखरावरून गेली तरी नळ तिच्या खालून जाणारच.

प्रश्न : म्हादईचा वाद 24 आणि 13 टीएमसीवर अडला आहे. त्या मापात कोलोरॅडो केवढी? आणि तिकडे लवाद का नाही? – डिचोलीहून

उत्तर : आधी माप. तिकडे एकर-फूट चालतं : एक एकरावर एक फूट उभं पाणी, सुमारे 12.33 लाख लिटर. दहा लाख एकर-फूट म्हणजे 43.56 टीएमसी (अब्ज घनफूट).

1922 च्या करारात वरच्या चार राज्यांना (कोलोरॅडो, युटा, वायोमिंग, न्यू मेक्सिको) 75 लाख एकर-फूट आणि खालच्या तीन राज्यांना (कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा) तेवढंच, म्हणजे प्रत्येकी जवळपास 327 टीएमसी. 1944 च्या तहाने मेक्सिकोला आणखी 15 लाख. कागदावर बेरीज 1 कोटी 65 लाख. नदीत 2000 सालापासून सरासरी येतंय सव्वा कोटीच्या आसपास. करार झाला ती वर्षं पावसा-बर्फाची, नदी नेहमीपेक्षा भरलेली. तीच सरासरी धरून वाटणी केली. वर आणखी एक गोम : खालच्या जलाशयांतून उन्हाने उडणारं आणि वाटेत मुरणारं पाणी, वर्षाला साधारण बारा लाख एकर-फूट, ते कुणाच्याच खात्यावर टाकलेलं नव्हतं. दुष्काळ नसता तरी तळं उतरतच गेलं असतं.

म्हादईच्या लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी दिलं. म्हणजे आपलं सगळं भांडण त्यांच्या नऊ लाख एकर-फुटांच्या आत बसतं. एकट्या कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीतल्या शेतीचा हक्क 31 लाखांचा, आणि तिथे मोठं पीक कोणतं, तर जनावरांची लसूणघास.

लवादाचा कायदा तिकडे नाही. राज्यांनी आपसांत करार करायचा, काँग्रेसने मान्यता द्यायची, नाहीतर थेट सुप्रीम कोर्टात जायचं. पश्चिमेत हक्काचा नियम ‘आधी आला त्याला आधी’ असा आहे. ॲरिझोनाला आपला मोठा कालवा 1968 मध्ये मंजूर करून घेताना हक्काच्या रांगेत कॅलिफोर्नियाच्या मागे उभं राहणं कबूल करावं लागलं, म्हणून 2022 च्या पहिल्या जाहीर टंचाईत ॲरिझोनाचे 5 लाख 12 हजार एकर-फूट कापले गेले आणि कॅलिफोर्नियाचा एक थेंबही नाही. या रांगेत सगळ्यात पुढे खरं तर मूळ रहिवासी जमाती आहेत. 1908 च्या विंटर्स निकालाने त्यांचा हक्क राखीव क्षेत्र स्थापल्याच्या तारखेपासून धरला जातो. देश फुटला की या हक्काला केंद्राची पाठराखण उरत नाही, आणि आमच्या मते पहिला अन्याय त्यांच्यावरच होईल.

प्रश्न : उत्तरेच्या पंचमहासरोवरांत एवढं पाणी पडून असताना ते पश्चिमेला का नेत नाहीत? – पणजीतील विद्यार्थिनी

उत्तर : दोन अडचणी, एक कायद्याची आणि एक चढणीची. 2008 च्या करारानुसार काठावरची आठ राज्यं पाणी खोऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. विस्कॉन्सिनमधलं वॉकिशा हे शहर सरोवरापासून वीसेक मैलांवर, पण पाणलोटाच्या पलीकडे. त्याच्या विहिरींत रेडियम, तरीही परवानगी मिळवायला वर्षं गेली. ती 2016 मध्ये मिळाली, तीही वापरलेलं पाणी शुद्ध करून सरोवराच्या खोऱ्यात परत सोडायच्या अटीवर. पाणी साठलेलं दिसतं म्हणून फसू नये. दरवर्षी नव्याने भरतं ते एक टक्क्याच्या आसपास.

आता चढण. एक घनमीटर पाणी वाटेतल्या डोंगरांवरून, समजा 1,500 मीटर वर चढवायला, पंपात वाया जाणारी वीज धरून, पाच युनिटांहून जास्त वीज लागते. दहा लाख एकर-फूट म्हणजे 123 कोटी घनमीटर : वर्षाला साधारण 650 कोटी युनिट. समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरला 3 ते 4 युनिट पुरतात. किनाऱ्यावरच्या शहराने मग समुद्राकडेच बघावं.

प्रश्न : कॅलिफोर्नियातही आपल्यासारखी खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) जमीन आहे असं वाचलं. खरं का? – एक वाचक, चोडण

उत्तर : आहे, सॅक्रामेंटो आणि सॅन वॉकिन नद्यांच्या मुखाशी. सुमारे 1,100 मैलांचे बांध, आत शेताची बेटं. फरक मातीचा. तिथली जमीन कुजट वनस्पतीची, पीट. पाणी उपसून वाळवली की हवा लागून ती अक्षरशः उडून जाते, आणि बेटं खचत खचत काही ठिकाणी समुद्रपातळीच्या 15 ते 25 फूट खाली गेली आहेत. आपल्या बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात, तिकडे जमिनीवरच्या खारी आणि बीव्हर. भोकातून पाणी झिरपतं, बरोबर माती घेऊन येतं, आणि बांधाच्या आतल्या पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येते. ते भोक बुजवायचं नसतं, दुसरीकडे फुटतं. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून आत पाणी उभं राहू द्यायचं. त्या वजनाने बाहेरचा दाब तोलला जातो. बाहेर येणारं पाणी स्वच्छ झालं की कडं पुरेसं उंच झालं असं समजायचं. गढूळ असेल तर पोती चढवत राहायची.

बांध फुटून बेट भरलं की ती पोकळी समुद्राकडून खारं पाणी आत ओढते, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाला पाणी उपसणारे पंप याच भागाच्या टोकाला आहेत. 2015 आणि 2021 च्या दुष्काळांत खारं पाणी थोपवायला एका फाट्यात दगडांचा बंधाराच टाकावा लागला. मानशीची (बांधातल्या पाणदाराची) फळी पडायला उशीर झाला की काय होतं हे चोडणकरांना वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मुलगा फिनिक्सला घर घेतोय. पाण्याचं काय विचारावं? – मडगावहून

उत्तर : फिनिक्स शहराच्या हद्दीत असेल तर फार चिंता नको. शहराकडे कोलोरॅडोखेरीज सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचंही पाणी आहे. हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतीत मात्र तीन गोष्टी विचारा. एक, 100 वर्षांच्या खात्रीशीर पाण्याचा दाखला आहे का. राज्याच्या नियंत्रित भूजल क्षेत्रात तो सहा किंवा जास्त भूखंडांच्या वसाहतीला लागतो. पाच भूखंड पाडून विकणारे त्यातून सुटतात, आणि फसगत बहुधा तिथेच होते. 2023 च्या जूनमध्ये या भागात नुसत्या भूजलावर नवे दाखले देणं राज्याने थांबवलं. दोन, विहीर असेल तर खोली, स्थिर पाणीपातळी आणि पंप किती फुटांवर बसवलाय हे तिन्ही आकडे लेखी घ्या. पातळी आणि पंप यांत अंतर कमी असेल तर काही वर्षांत विहीर खोल करण्याचा खर्च धरा. तीन, पाणी टँकरने येत असेल तर टँकर कुठून भरतो ते विचारा. रिओ व्हर्डी फूटहिल्स या वस्तीचे टँकर शेजारच्या स्कॉट्सडेल शहरात भरत. 1 जानेवारी 2023 ला शहराने ते बंद केले आणि शेकडो घरांना दूरवरून महाग पाणी आणावं लागलं.

आणि नियंत्रित क्षेत्राबाहेर बऱ्याच ठिकाणी ‘पाणी अपुरं’ असा शेरा असूनही भूखंड विकता येतो. तो शेरा पहिल्या खरेदीदाराला सांगणं बंधनकारक, दुसऱ्याला नाही. घर जुनं असेल तर मुलाला वसाहतीचा मूळ अहवाल काढायला सांगा.