गाडी दारात, पण पासिंग नाही : सबडीलरकडून घेतलेल्या मोटारसायकलचा तिढा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. दसऱ्याला गावातल्याच एका मल्टिब्रँड दुकानातून १२५ सीसीची नवी मोटारसायकल घेतली. ऑन रोड १,२४,५०० रुपये ठरले. ८४,५०० चं फायनान्स झालं. उरलेल्या ४०,००० पैकी २५,००० दुकानदाराला मोबाइलवरून पाठवले आणि १५,००० रोख दिले. रोखीची पावती नाही. अडीच महिने झाले तरी नंबर आलेला नाही. दुकानदार म्हणतो, 'पासिंगला टाकलीय.' ज्या शोरूमकडून त्याने गाडी आणली ते म्हणतात, 'त्याने आमचे पैसे भरले नाहीत, त्याच्याशीच बघा.' गेल्या आठवड्यात पोलिसांनी २,००० रुपयांचं चलन केलं. हप्ते थांबवू का? आणि आरटीओत जाऊन मी स्वतःच पासिंग करून घेऊ शकतो का?

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्याआधी एक गोष्ट आजच करा : गाडी स्टँडवर लावा आणि नंबर येईपर्यंत बाहेर काढू नका.

नंबर प्लेटच्या जागी 'ए/एफ' (अप्लाइड फॉर, म्हणजे नंबरसाठी अर्ज केलाय) लिहून फिरण्याला कायद्यात कसलाही आधार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. कलम १९२ मध्ये पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी ५,००० ते १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम २०७ खाली पोलीस गाडी जप्तही करू शकतात. झालेलं चलन भरून टाका आणि पावती जपून ठेवा. गाडी तुम्ही चालवत होता, त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. ती रक्कम पुढे डीलरकडून मागता येते.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. तुमच्या पॉलिसीवर चेसिस नंबर आहे, हप्ता भरलेला आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं बहुतेकांना वाटतं. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स (२०१४) या प्रकरणात तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीला अपघात झाला. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई नाकारली. सुशील कुमार गोदारा प्रकरणात (२०२१) तर गाडी चालतही नव्हती. जोधपूरला एका गेस्ट हाउसबाहेर उभी असताना ती चोरीला गेली. पण तिची तात्पुरती नोंदणी संपली होती आणि त्या अवस्थेत ती तिथवर चालवत नेली होती, म्हणून दावा गेला. तुमची गाडी घराच्या आवारात कुलूप लावून असेल तर निदान तुमच्याकडे युक्तिवाद राहतो. शेतावर किंवा बाजारात नेऊन उभी केलीत तर तोही राहत नाही. आणि तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी त्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू पाहील.

आता जबाबदारी कुणाची, हे पाहू. पूर्वी नोंदणीचा अर्ज करणं हे मालकाचं काम होतं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४१ बदललं. नवी गाडी डीलरच्याच राज्यात नोंदवायची असेल, तर अर्ज डीलरने करायचा. शिवाय नोंदणी क्रमांक गाडीवर लागेपर्यंत त्याने ती ग्राहकाच्या ताब्यात द्यायचीच नाही. म्हणजे दसऱ्याला तुम्हाला बिननंबरची गाडी देणं हाच पहिला कायदेभंग होता. (मुहूर्त साधायचा असेल तर आठ-दहा दिवस आधी पैसे भरून पासिंग उरकून घ्यावं आणि दसऱ्याला फक्त हार घालावा. पण दुकानदाराला विक्रीची घाई असते आणि आपल्याला चावीची.) अर्ज न करणाऱ्या डीलरला कलम १९२-ब खाली वार्षिक कराच्या पंधरा पट किंवा आजीवन कराइतका, यातला जो जास्त तो दंड आहे.

कायद्याच्या नजरेत हा डीलर म्हणजे तुमच्या गावचा दुकानदार नव्हे. नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज लागतो. त्यासोबत फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला, इन्व्हॉइस, विमा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. फॉर्म २१ फक्त अधिकृत डीलर देऊ शकतो. 'वाहन' या नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत अर्जही त्याच्याच लॉगिनमधून जातो, कारण तुमचा चेसिस नंबर त्याच्या स्टॉकमध्ये दिसत असतो. सबडीलरकडे, म्हणजे तुमच्या दुकानदारासारख्या मधल्या विक्रेत्याकडे, यातलं काहीच नसतं. तो ग्राहक आणतो, पैसे घेतो आणि शोरूमला पोचवतो. इथे ते पोचले नाहीत, किंवा अर्धेच पोचले. तो त्या दोघांचा आपसातला हिशेब आहे. शोरूमने आपली गाडी सबडीलरच्या हाती विकायला दिली, तिथेच ते त्याच्या कृतीला बांधले गेले. 'त्याच्याशीच बघा' हे उत्तर कायद्यात टिकत नाही.

स्वतः आरटीओत जाऊन पासिंग का होणार नाही, तेही यातच आलं. फॉर्म २१ आणि २२ नसतील तर कारकुनाकडे सही करण्यासारखं काही नसतं. 'आठ हजार द्या, मी कागद करून देतो' म्हणणारा एजंट भेटेल, त्याच्या नादी लागू नका. खोट्या कागदांवर झालेली नोंदणी कलम ५५ खाली रद्द होते आणि त्या फाइलवर सही तुमची असते.

आता पुरावा. सगळ्यात आधी फायनान्स कंपनीला ईमेल करा : ८४,५०० रुपये कोणत्या तारखेला, कुणाच्या खात्यात जमा केले, आणि डिलिव्हरी ऑर्डर (गाडी ग्राहकाला द्या, असं फायनान्स कंपनीचं पत्र) कुणाच्या नावाने काढली? या उत्तरावर अर्धं प्रकरण फिरतं. रक्कम थेट शोरूमच्या खात्यात गेली असेल तर 'पैसे मिळाले नाहीत' हा त्यांचा बचाव तिथेच संपला. दुकानदाराच्या खात्यात गेली असेल, तर अधिकृत डीलर नसलेल्याला पैसे कसे दिले, हा प्रश्न फायनान्स कंपनीला विचारता येतो. आरसीवर आपला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढलेला त्यांनाही हवा असतो, त्यामुळे त्यांचा वसुली विभाग शोरूमवर तुमच्यापेक्षा लवकर दबाव आणू शकतो.

रोख १५,००० साठी दुकानदाराला साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज करा : '२५,००० ऑनलाइन आणि १५,००० रोख असे माझे ४०,००० तुमच्याकडे जमा आहेत, पासिंगचं काय झालं?' 'हो, दोन दिवसांत करतो' एवढं उत्तर आलं तरी ती कबुली आहे. स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या.

चेसिस नंबर गाडीवरून स्वतः उतरवून घ्या. तो साधारणपणे हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो आणि १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. इन्व्हॉइसवर किंवा पॉलिसीवर 'ओ' दिसला तर तिथे शून्य हवं होतं. अशा एका चुकीनेही अर्ज अडकतो. आधार आणि इन्व्हॉइसवरच्या नावातला फरक हे दुसरं नेहमीचं कारण. हा नंबर घेऊन आरटीओत जा आणि या चेसिसवर अर्ज दाखल आहे का, कर भरला आहे का, एवढंच विचारा. 'पासिंगला टाकलीय' खरं असेल तर दुकानदाराकडे अर्ज क्रमांक आणि कराची पावती असलीच पाहिजे.

यानंतर शोरूम आणि दुकानदार, दोघांच्या नावे एकच नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. तिच्यात चेसिस व इंजिन नंबर, ताब्याची तारीख, दिलेली प्रत्येक रक्कम, चलन आणि मागणी लिहा : १५ दिवसांत नोंदणी करून हाय सिक्युरिटी प्लेट लावून द्या, नाहीतर गाडी परत घेऊन सगळे पैसे व्याजासह द्या. कंपनीच्या ग्राहक विभागालाही प्रत पाठवा. डीलरशिप त्यांनी दिलेली असते आणि बरीच प्रकरणं तिथूनच हलतात.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर दोन दारं एकाच वेळी ठोठवा. पहिलं, उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिच्यात कलम ४१ आणि १९२-ब यांचा उल्लेख करा, डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर (आरटीओने डीलरला दिलेल्या परवान्यावर) कारवाईची मागणी करा आणि आवक क्रमांक घ्या. दुसरं, जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी बिघडत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं आहे आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. शोरूम व दुकानदार यांच्याबरोबर फायनान्स कंपनीलाही सामनेवाला करा. गाडी वापरता न आल्याची भरपाई आणि चलनाची रक्कम त्यातच मागा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून बसू नका.

पोलिसांत जायचं का? करासाठी घेतलेले पैसे दुकानदाराने दुसरीकडे वापरले असतील तर भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६ आणि ३१८, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक, लागू शकतात. एकट्याच्या अर्जाला 'हे दिवाणी प्रकरण आहे' असं उत्तर मिळण्याचा संभव जास्त. त्याच दुकानातून दसऱ्याला गाड्या घेतलेले आणखी चार-पाच जण अडकलेले असतील, तर सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. तिथे फसवणुकीची पद्धत दिसते.

हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे, नंबर आला नाही ही त्यात सबब होत नाही. दोन हप्ते चुकले की सिबिल बिघडतो, दंडाची रक्कम चढते आणि गाडी ओढून नेण्याचा मुद्दा उभा राहतो. मग नाडलेले तुम्ही थकबाकीदार म्हणून आयोगापुढे उभे राहता. हप्त्यांतून सूट हवी असेल तर ती आयोगाकडे अंतरिम अर्ज करून मागा.

नंबर आल्यावर आरसीवरचं नाव, चेसिस, इंजिन आणि बोजा तपासा. मग विमा कंपनीकडून पॉलिसीवर नोंदणी क्रमांक चढवून घ्या, आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर काढा.