खूण नंतर माग, आधी दादाकडे जा

पोरा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. विचारलंयस बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायाबद्दल, चिन्ह मागणारी ती दुष्ट पिढी म्हणजे आपणच का म्हणून, पण खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळीत दडवलीय. दादाच्या केळीचे पैसे सावद्याच्या व्यापाऱ्याकडून तू आणले, त्यातले मोबाईलवरच्या गेममध्ये घातले, आणि आता रोज रात्री प्रार्थना करून राहिला की देवा, माफ केल्याची काहीतरी खूण दे, मग दादाला सांगतो. असंच ना?

मग तो अध्याय नीट वाच रे भो. ३८व्या वचनापासून नको, २२व्यापासून. आंधळा आणि मुका माणूस येशूने बरा केला, लोकांच्या डोळ्यादेखत, तो बोलायला लागला, बघायला लागला. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, म्हणाले, हे भुतांचा सरदार बालजबूल याच्या जोरावर चाललंय. आणि पुढे ३८व्या वचनात शास्त्री-परूशी येऊन म्हणतात, गुरुजी, तुमच्याकडून एखादं चिन्ह बघायचंय. अरे मग आधी झालं ते काय होतं? वळायचं नसलं की माणूस चिन्हच मागत बसतो, दुसरं काय.

येशू म्हणतो, योना संदेष्ट्याचं चिन्ह मिळेल, बाकी काही नाही. मत्तय ते योनाच्या माशाच्या पोटातल्या तीन दिवसांशी जोडतो, म्हणजे येशूचं मरण आणि पुनरुत्थान, ते तर आहेच. पण लूकच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढ, तिथे मासा येतच नाही, योना स्वतःच निनवे शहरातल्या लोकांना चिन्ह झाला एवढंच. संडे स्कूलमध्ये मासा रंगवून रंगवून आपण तिथेच अडकतो, योनाचा तिसरा अध्याय कोणी उघडत नाही. निनवेला काय मिळालं सांग बरं? कोणी आजारी बरा झाला नाही, आकाशातून काही पडलं नाही. एक चिडका परका संदेष्टा आला, चाळीस दिवसांत शहर उद्ध्वस्त होणार एवढं एक वाक्य ओरडून गेला, पश्चात्ताप केला तर वाचाल असं त्यात सुद्धा नव्हतं. आणि तिथला राजा सिंहासनावरून उतरून गोणताट, म्हणजे शोकाचं जाडंभरडं वस्त्र, नेसून राखेत बसला आणि काय म्हणाला माहितीये? कोण जाणे, देव वळेलही. कोण जाणे! गॅरंटी नव्हती रे त्याला, आणि तरी वळला, म्हणून तर येशू म्हणतो न्यायाच्या दिवशी निनवेची माणसं उठून या पिढीला दोषी ठरवतील. अजून एक बघ, देवाने त्यांची कामं पाहिली, ते कुमार्गापासून वळले हे पाहिलं असं लिहिलंय, गोणताट पाहिलं असं नाही. तू रात्री गुडघे टेकून रडतो ते तुझं गोणताट. काम बाकी आहे.

आणि गिदोनाची लोकर मला सांगू नको, तू सांगणारच. देव आपल्या हातून इस्राएलाला सोडवणार का, याची खूण म्हणून त्याने रात्री लोकर टाकून दव कुठे पडतं ते पाहिलं. तो घाबरट होता, देवाने सांभाळून घेतलं, ती कृपा. पण दुसऱ्याचे पैसे परत करू का, हे विचारायला त्याने लोकर टाकली नव्हती.

लूक १२ मध्ये येशू म्हणतो, पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार हे तुम्हाला लगेच कळतं, मग हा काळ का कळत नाही? तुझा बाप मृगाच्या तोंडावर आभाळ बघून कपाशी लावायचं ठरवतो, त्याला वरून चिठ्ठी येते का? आणि ढगांचं बोलून झालं की लगेच येशू कशावर येतो, तर वादीबरोबर कोर्टात जाताना वाटेतच मिटव. चिन्हाचं बोलणं थेट भांडणावर आणून ठेवलंय त्याने.

माझा एक जिवाभावाचा मित्र होता, भावाशी बांधावरून केस. मला म्हणायचा, तू प्रार्थना कर, देवाने तुला दाखवलं असं सांग, मी केस मागे घेतो. मी म्हटलं, मत्तय ५ मध्ये लिहिलंय, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा, आणखी काय दाखवायचं? तो चिडला, दुसऱ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेला, घरी येणं बंद. तो वारल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. आता त्याची पोरं तारखेला जातात. मंडळीत म्हणतात, काकांचा विश्वास कोरडा आहे, एक शब्द बोलले असते तर घर मिटलं असतं. मिटलं असतं कदाचित. रात्री झोप लागत नाही तेव्हा येतं ते मनात. पण देवाच्या नावाने न ऐकलेलं मी कसं सांगू? आजही सांगणार नाही, आणि तुलाही सांगणार नाही की जा, मला दर्शन झालंय, देवाने तुला माफ केलं. तुला ऐकू आलंय, तेवढं पुरे आहे. निनवेला तेवढ्यात भागलं.

दादा हात उचलेल कदाचित. वहिनी बोलणार नाही काही दिवस. ते सहन कर, उलटून बोलू नको. आकडा पूर्ण सांग, अर्धा सांगून हलकं व्हायला बघू नको. जकातदार जक्कय येशूला म्हणाला होता, लुबाडलेलं चौपट परत देतो, तुझ्याकडे तेवढे नाहीत माहितीये, हप्त्याने दे, पण पहिला हप्ता हातात घेऊनच जा. रविवारच्या उपासनेच्या आधी जा, नंतर नको. आणि ते गेमचं ॲप आत्ता काढ, अजून फोनमध्ये असेल ते.

तुझा काका
भुसावळ