फेरनिवड की फेरनिवडणूक?

प्रश्न असा आला आहे : ‘२०१२ साली बराक ओबामा यांनी फेरनिवडणूक जिंकली, असं मी एका भाषांतरात लिहिलं. तपासणाऱ्यांनी फेरनिवडणूक खोडून फेरनिवड केलं. आता निवड कशी जिंकणार? वाक्य जमेना. दोन्ही शब्दांत फरक काय, आणि पुनर्निवडणूक चालेल का?’

तपासणाऱ्यांची दुरुस्ती बरोबर आहे, फक्त ती अर्ध्यावर सोडली आहे. नाम बदललं की क्रियापदही बदलावं लागतं. निवडणूक जिंकतात, निवड होते. म्हणून ‘ओबामा यांची राष्ट्राध्यक्षपदी फेरनिवड झाली’. किंवा त्याहून सरळ, ‘ओबामा पुन्हा निवडून आले’.

आता फरकाकडे वळू. ‘फेर’ हे दोन अक्षरांचं पूर्वपद वाटतं तेवढं साधं नाही. फेरपरीक्षा, फेरमतदान, फेरमोजणी, फेरनिविदा हे शब्द घ्या. या सगळ्यांत आधीची खेप कुठे तरी फसलेली आहे : पेपर फुटला, केंद्रावर यंत्र बंद पडलं, मोजणीवर हरकत आली, निविदा रद्द झाली. म्हणून तीच गोष्ट पुन्हा करायची. पुढच्या वर्षीच्या परीक्षेला आपण फेरपरीक्षा म्हणत नाही. मग ठरल्या वेळी, चार किंवा पाच वर्षांनी होणाऱ्या पुढच्या निवडणुकीला फेरनिवडणूक का म्हणायचं? ती नवी निवडणूक असते.

याउलट फेरनिवड आणि फेरनियुक्ती. इथे आधीचं काही फसलेलं नसतं. तोच माणूस त्याच जागी पुन्हा येतो, एवढंच. माझ्या मते भेद असा आहे : ‘फेर’ प्रक्रियेच्या नावाला लागला तर प्रक्रिया पुन्हा होते, आणि निवड, नियुक्ती अशा माणसाशी बांधलेल्या शब्दाला लागला तर माणूस पुन्हा येतो. निवड आणि निवडणूक एकाच धातूतून आले असले तरी ‘-णूक’ लागली की शब्द व्यवहाराकडे झुकतो. वागणूक, फसवणूक, मिरवणूक यांतही तेच झालं आहे.

हा काथ्याकूट वाटत असेल, तर आफ्रिकेतली दोन उदाहरणं बघा. केनियात ऑगस्ट २०१७ मध्ये अध्यक्षीय निवडणूक झाली. विद्यमान अध्यक्ष उहुरू केन्याटा विजयी ठरले, पण १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. २६ ऑक्टोबरला पुन्हा मतदान झालं, विरोधी उमेदवार रायला ओडिंगा यांनी बहिष्कार घातला आणि केन्याटा जिंकले. मलावीतही असंच झालं. २०१९ ची निवडणूक न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केली, जूनमध्ये ती नव्याने घेतली, आणि तीत सत्तेवरचे पीटर मुथारिका हरून लाझारस चकवेरा अध्यक्ष झाले. मराठीत हे सगळं दोन शब्दांत चोख सांगता येतं : केनियात फेरनिवडणूक झाली आणि केन्याटांची फेरनिवडही झाली, मलावीत फेरनिवडणूक झाली, मुथारिकांची फेरनिवड झाली नाही. दोन्हींसाठी एकच शब्द वापरत राहिलो, तर ही सोय आपण आपल्या हाताने घालवू.

ब्राझीलमध्ये आणखी एक गुंता होतो, कारण तिथे मतदानाच्या ‘फेऱ्या’ असतात. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २०२२ मध्ये अध्यक्षपदावर असलेले जाईर बोल्सोनारो दुसऱ्या फेरीत लुला यांच्याकडून हरले. ‘बोल्सोनारो फेरनिवडणुकीत पराभूत’ असा मथळा दिला, तर वाचकाने काय समजायचं? निवडणूक रद्द होऊन पुन्हा झाली? दुसऱ्या फेरीत हरले? की दुसऱ्यांदा निवडून येण्याचा प्रयत्न फसला? ‘बोल्सोनारो यांची फेरनिवड हुकली’ म्हटलं की संशय उरत नाही.

फेरनिवड कुठे वापरू नये, तेही सांगतो. मधे खंड पडला असेल, तर मला तो शब्द खटकतो. डोनाल्ड ट्रम्प २०२० मध्ये हरले आणि २०२४ मध्ये जिंकले. त्यांच्याआधी असं एकट्या ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी केलं होतं, १८८४ आणि १८९२ मध्ये. इंदिरा गांधी १९७७ मध्ये सत्तेतून गेल्या आणि १९८० मध्ये परत आल्या. याला ‘पुनरागमन’ हा नेमका शब्द आहे. फेरनिवडीत खुर्ची हातची गेलेली नसते.

संसदीय लोकशाहीत तर ‘पुन्हा निवडून आले’ हेसुद्धा जपून लिहायला हवं, कारण पंतप्रधानाला देशभरचे मतदार थेट निवडत नाहीत. ते निवडून येतात आपल्या मतदारसंघातून, आणि पंतप्रधान होतात लोकसभेतल्या बहुमताच्या जोरावर. १९७७ मध्ये इंदिराजी दोन्हीकडे हरल्या : पक्षाची सत्ता गेली आणि रायबरेलीची जागाही. २००९ मध्ये मनमोहन सिंग पुन्हा पंतप्रधान झाले, पण ते राज्यसभेचे सदस्य होते, लोकसभेची निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. तेव्हा ‘पुन्हा पंतप्रधान झाले’ किंवा ‘सत्ता राखली’ असंच लिहावं. ‘राखणे’ हे क्रियापद मला इथे फार आवडतं. शेत राखतात, घर राखतात, तशी सत्ता राखतात. वस्तू आधीच हातात आहे आणि कुणी तरी ती न्यायला टपलेलं आहे, हे दोन्ही त्या एका शब्दात आहे.

याच ओघात जनाधार आणि जनादेश. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. जनाधार म्हणजे लोकांचा पाठिंबा, तो मतांत दिसतो. जनादेश म्हणजे राज्य करण्याचा कौल, तो जागांत मोजला जातो. भाजपला २०१९ मध्ये सुमारे ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये मतं सुमारे ३६.६ टक्के होती, पण जागा २४० वर आल्या, म्हणजे बहुमताच्या २७२ च्या खाली. एक टक्क्याहून कमी मतं घटली आणि ६३ जागा गेल्या, कारण मतं कुठे पडतात आणि विरोधकांची मतं किती विखुरतात यावर जागा ठरतात. नरेंद्र मोदी मित्रपक्षांच्या साथीने तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. तेव्हा जनाधार जवळपास टिकला, जनादेश मात्र बराच आक्रसला, असं लिहिणं योग्य ठरेल. ‘जनाधार कोसळला’ हे चूक आणि ‘जनादेश कायम राहिला’ हेही चूक.

‘निवडणूक जिंकली’ हा प्रयोग आता रूढ आहे, त्याला माझी हरकत नाही. पण ‘निवडून येणे’ आणि ‘निवडून देणे’ ही जोडी हाताशी असताना ती विसरू नका. ‘जिंकले’ म्हटलं की सगळं नेत्याने केलं. ‘मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं’ म्हटलं की कर्ता मतदार होतो, आणि घडलेलंही तसंच असतं.

राहिली पुनर्निवडणूक. अर्थाच्या दृष्टीने ती फेरनिवडणुकीचीच बहीण, म्हणजे तुमच्या वाक्यात तीही नको. ‘पुनर्निवड’ चालेल, पण ती लिहिताना बहुतेकांचा रफार चुकतो. ‘पुनर्’ मधला र पुढच्या अक्षरावर चढतो : पुनर्निवड, पुनर्विचार, पुनर्रचना. ‘पुर्ननिवड’ किंवा ‘पुर्नविचार’ नाही. ‘फेर’मध्ये ही कटकट नाही, म्हणून मी फेरनिवडच लिहितो.

आणि त्याच भाषांतरात प्रचाराच्या दिवसांतल्या ओबामांना ‘मावळते राष्ट्राध्यक्ष’ म्हटलं असेल, तर तेही आताच बदलून घ्या. मावळतो तो जाणारा. पुन्हा उभा राहिलेला नेता निकाल लागेपर्यंत ‘विद्यमान’ असतो.