मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढायच्या लायब्ररीच्या फंक्शन्सचं डॉक्युमेंटेशन सुधारायचंय, पण कोड फार येत नाही. सुरुवात कुठून करू?

कोड फार येत नाही ही अडचणच नाहीये. नवीन माणूस जिथे अडतो तिथेच डॉक कच्चं असतं, जुन्यांचे डोळे सरावलेले असतात, त्यांना ते दिसतच नाही.

माझ्या आधीच्या नोकरीत मॅटप्लॉटलिबवर बेतलेली एक इन-हाउस लायब्ररी होती. त्यात नकाशावर बबल काढायचं फंक्शन, आणि साइझ या पॅरामीटरसमोर लिहिलेलं काय तर 'बबलची साइझ'. बास. आत तो आकडा सरळ स्कॅटरच्या, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या ठिपके काढायच्या फंक्शनच्या, 'एस' या पॅरामीटरला जायचा. आता स्कॅटरचा एस असतो पॉइंटच्या वर्गात, म्हणजे क्षेत्रफळ, डिफॉल्ट 36 म्हणजे 6 चा वर्ग, आणि प्लॉट या रेषा काढायच्या फंक्शनमधला मार्करसाइझ मात्र साध्या पॉइंटमध्ये, म्हणजे ठिपक्याचा व्यास, पॉइंट म्हणजे इंचाचा 72 वा भाग. टीममधल्या ज्युनिअर मुलीला प्लॉटचं माहीत होतं, तिला वाटलं इथेही व्यासच द्यायचाय, म्हणून तिने लोकसंख्येचं वर्गमूळ काढून दिलं. चांगल्या बुद्धीने केलेलं काम, पण चौपट लोकसंख्येचा जिल्हा नकाशात जेमतेम दुप्पट दिसायला लागला, रिपोर्ट तसाच क्लायंटकडे गेला आणि भर मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली तिने. मी डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या फंक्शनच्या वर्णनात, दोन ओळी टाकल्या: हे क्षेत्रफळ आहे, वर्गमूळ काढू नका, 100 चे 400 केले की व्यास दुप्पट होतो. आमच्या सिनियरने रिव्ह्यूमध्ये त्या उडवल्या. म्हणे स्कॅटरच्या डॉकमध्ये आहे की, ही कारकुनी कशाला. अहो पण आत स्कॅटर आहे हे तिला कळणार कुठून? आतला कोड उघडून बघावा लागू नये म्हणूनच तर माणूस डॉक वाचतो!

तर तुम्ही एकच फंक्शन घ्या, जे तुम्ही खरंच वापरता आणि ज्याने तुम्हाला छळलंय. प्रत्येक पॅरामीटरला एकक काय, डिफॉल्ट काय, नन (None, म्हणजे काहीच किंमत नाही) दिलं तर काय होतं, हे लिहिलंय का बघा. हिस्टमध्ये, म्हणजे हिस्टोग्रामच्या फंक्शनमध्ये बघा, शेवटचा बिन (आकड्यांचा गट) सोडून बाकी सगळ्यांत उजवी कड धरत नाहीत, हे तिथे उदाहरणासकट लिहिलंय, असं पाहिजे. उदाहरण छोटं आणि चालवून बघितलेलं असावं. नुसतं इंग्रजी घासूनपुसून गुळगुळीत करण्याला मी सुधारणा म्हणत नाही.

आणि हो, पायप्लॉटच्या, म्हणजे plt म्हणून वापरतो त्या मॉड्यूलच्या, फाइलमध्ये बदल करू नका, त्यातली बरीचशी फंक्शन्स स्क्रिप्टने आपोआप तयार होतात, तुमचं लिहिलेलं पुसलं जाईल. मूळ डॉकस्ट्रिंग एक्सेस (Axes, आलेखाची चौकट) क्लासच्या मेथडमध्ये असते, तिथे लिहा. मोठा बदल असेल तर आधी इश्यू (प्रोजेक्टच्या पानावर चर्चेची नोंद) उघडून विचारा. तिथले मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, डॉकचे बदलही नीट रिव्ह्यू करतात, त्याला कारकुनी म्हणत नाहीत.