मुंबई–लंडन विमानप्रवास: किती किलोमीटर, किती तास? तुमचे प्रश्न

प्रश्न: एका ठिकाणी अंतर ७,२०० लिहिलंय, दुसरीकडे ३,९००. खरं कुठलं?

दोन्ही खरी. ७,२०० किलोमीटर आणि ३,९०० नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. आकडा बघताना एकक बघा, बस.

प्रश्न: विमान ताशी ९०० किमीनं जातं, मग आठ तासांत पोचायला हवं ना? तिकिटावर दहा तास का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावाच. ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर, आणि तो दोरा कराचीवरून, बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र करत युक्रेनवरून जातो. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी बंद केलं, म्हणजे तो दोरा नुसता कागदावरच राहिला, विमान वळसा घालूनच जाणार. त्यात गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ धरतात, मुंबईत रनवेसाठी रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी वर घिरट्या, हे सगळं त्या दहा तासांत येतं. म्हणून किलोमीटर भागिले वेग हा हिशेब करूच नका, पुढची गाडी किंवा कनेक्टिंग फ्लाइट चुकेल.

प्रश्न: दुपारी २ ला निघून संध्याकाळी साडेसातला लंडन, म्हणजे साडेपाचच तास?

नाही हो, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे साडेपाच अधिक साडेचार, दहा तास. हिवाळ्यात फरक साडेपाच होतो, ते लोक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. त्या आठवड्यात कुणाला आणायला जाणार असाल तर वेळ दोनदा तपासा.

प्रश्न: येताना लवकर पोचतो, असं का?

वर दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून, हिवाळ्यात तर फारच जोरात, मग येताना तासभर सहज वाचतो.

प्रश्न: आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. दुबईमार्गे स्वस्त पडतंय, घेऊ का?

अंतर म्हणाल तर गंमत आहे, मुंबई–दुबई साधारण १,९०० आणि दुबई–लंडन ५,५००, म्हणजे एकूण जेमतेम २०० किमी जास्त. पण वेळ अंतरानं नाही वाढत, दोनदा उतरणं, परत सिक्युरिटी, मधला थांबा यानं वाढतो. आई एकट्या जाणार असतील तर माझं स्पष्ट मत, थोडे पैसे जास्त गेले तरी थेट घ्या. अगदीच बजेट नसेल तर मधे तीनेक तास तरी ठेवा, व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आणि आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची जागा, घ्या म्हणजे अधूनमधून उठून पाय मोकळे करता येतील.